बयो, एसीच्या पाण्याला वाट दे

आधी तो एसी बंद कर, मग निवांत बोलू. आणि नुसत्या रिमोटवर भागवू नकोस गं. भिंतीवरचं त्याचं मोठं बटण बंद कर. पाणी ओघळत बटणांच्या बोर्डापर्यंत आलं असेल तर त्या बटणालाही हात लावायचा नाही. दाराजवळच्या मेन बोर्डात एसीचा वेगळा एमसीबी असतो, तो पायात चप्पल घालून, कोरड्या हातानं खाली पाड. मग पलंग बाजूला ओढ, खाली टब ठेव, फरशी पुसून घे, म्हणजे रात्री उठून कुणी घसरणार नाही. एवढं झालं की घाई करण्यासारखं काही उरत नाही. खोलीत असं पाणी ठिबकायला लागलं की पोटात गोळा येतो खरा, पण बहुतेक वेळा यंत्र बिघडलेलंच नसतं. तुला धीर द्यायचा म्हणून हे बोलत नाहीये. यंत्र आपलं काम चोख करत असतं, फक्त त्यानं काढलेल्या पाण्याची बाहेर जायची वाट कुठेतरी अडलेली असते.

तुला हे सगळं बैजवार सांगायला बसले त्याला कारण आहे. पहिला स्वतःचा फ्लॅट, नवऱ्याची रात्रपाळी, घरात लहान मूल, आणि पंखा कितीही जोरात फिरवला तरी अंगाला चिकटून राहणारी आपली पनवेलची हवा. अशा वेळी कुणीतरी येतो, खुर्चीवर चढून वर बघतो, "मॅडम, गॅस संपलाय" म्हणतो, आणि आपण हजारो रुपये मोजून मोकळ्या होतो. आठवड्यानं टपटप पुन्हा सुरू. पैसे गेल्याचं वाईट वाटतंच. पण मला जास्त लागतं ते हे, की आपल्याच घरातल्या वस्तूबद्दल चार प्रश्न विचारायचे तर आपल्या तोंडून शब्द फुटत नाही. तो फुटावा म्हणून ऐक.

एसी पाणी काढतो कशाला, तिथूनच सांगते. आपल्या एका अंगाला खाडी, दुसऱ्या अंगाला प्रबळगड आणि माथेरानचे डोंगर. आपल्याकडे पारा विदर्भाइतका चढत नाही, तरी मे महिन्यात जीव नकोसा होतो तो हवेतल्या वाफेनं. तीस अंशाची दमट हवा घेतली तर तिच्या एका घनमीटरमध्ये वीस-बावीस ग्रॅम पाणी वाफ होऊन बसलेलं असतं. ती हवा एसीच्या गार कॉइलवरून गेली की तिला एवढं पाणी धरून ठेवता येत नाही. पन्ह्याच्या थंड पेल्याला बाहेरून थेंब सुटतात तसे त्या कॉइलच्या पातळ पत्र्यांवर थेंब जमतात, खालच्या पन्हळीत उतरतात आणि तिथून एका पाइपानं घराबाहेर जातात. दीड टनाचा एसी आपल्या हवेत जोरात चालत असला की तासाला लिटर-दोन लिटर पाणी सहज काढतो. तोच एसी मे महिन्यातल्या कोरड्या नागपुरात नेऊन लावला तर याच्या कितीतरी कमी काढेल. म्हणून तिकडच्या नणंदेनं "आमचा कधी गळत नाही" म्हटलं तर मनावर घेऊ नकोस. तिच्या एसीला तेवढं पाणी वाहायचंच नसतं.

आणि ओल काढणं हे एसीचं वरकड काम नाही, मूळचं काम आहे. 1902 साली विलिस कॅरियर या तरुण अमेरिकन इंजिनिअरनं न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमधल्या एका छापखान्यासाठी ही योजना आखली, ती माणसांना गार वाटावं म्हणून नव्हे. दमट हवेत कागद फुगायचा, आकसायचा, आणि एका रंगावर दुसरा रंग नीट बसायचा नाही. त्याला हवेतलं पाणी काढायचं होतं. आपल्यासारख्या खाडीकाठच्या लोकांना एसीत सुख वाटतं त्यातलं निम्मं श्रेय या पाणी काढण्याचंच आहे. तेव्हा एसीतून पाणी निघतंय याची काळजी करायची नाही. ते कुठून निघतंय हे बघायचं.

आता सांग, गळतं कधी? मेकॅनिकनं आल्याआल्या हाच प्रश्न विचारायला हवा, आणि त्यानं नाही विचारला तर तू आपणहून सांगायचं. एसी सुरू करून अर्धा-पाऊण तास झाला की पुढच्या कडेनं थेंब सुरू होतात, आणि बंद केल्यावर थोड्या वेळात थांबतात? मग निचऱ्याचा पाइप तुंबलाय, हे जवळजवळ धरून चाल. चालू असताना फारसं नाही, गारवाही कमी लागतो, आणि बंद केल्यावर एकदम पाणी यायला लागतं? मग आत बर्फ जमतोय आणि वितळतोय. एसीला आठवडाभर हात लावलेला नाही, बाहेर धो धो पाऊस, आणि भिंतीवरून मळकट ओघळ? मग ते एसीचं पाणीच नाही. बसवल्या दिवसापासूनच गळतोय? तर बसवण्यात खोट आहे. अर्धं निदान या "कधी"त होतं, म्हणून एक दिवस नुसतं लक्ष ठेव आणि लिहून काढ.

यातली पाइप तुंबण्याची तक्रार सगळ्यांत जास्त, म्हणून तीच आधी घेऊ. पन्हळ म्हणजे कॉइलच्या खालचा तो अरुंद प्लास्टिकचा ट्रे. खोलीतली धूळ, केस, कपड्यांचे तंतू, स्वयंपाकघरातून येणारी फोडणीची तेलकट वाफ, यातलं जे काही फिल्टरमधून सुटतं ते ओल्या कॉइलवर बसतं आणि पाण्याबरोबर पन्हळीत उतरतं. तिथे अंधार आहे, सतत ओल आहे. काही महिन्यांत बुळबुळीत थर धरतो आणि जेमतेम बोटाएवढ्या पाइपाच्या तोंडाशी गोळा होऊन बसतो. पाणी चढतं, पन्हळीच्या काठावरून उतरतं आणि तुझ्या उशीवर पडतं. आपल्या भागात धूळ म्हणशील तर सगळीकडे. करंजाडे-उलव्याची बांधकामं, कळंबोलीच्या लोखंड बाजाराकडे जाणारे ट्रक, तळोज्याचे कारखाने. खिडकी तासभर उघडी ठेव आणि टेबलावर बोट फिरवून बघ. तेच सगळं एसी ओढून घेतो.

पाइपाचं दुसरं टोक बाहेर, आणि तिकडे कुणाचंच लक्ष नसतं. कुंभारीण माशी अशा भोकात मातीचं घर बांधते. मुंग्या शिरतात, पालीचं पिल्लू शिरतं. कुणी पाइप गच्चीच्या बादलीत सोडलेला असतो. बादली भरली की टोक पाण्याखाली जातं, मधली हवा कोंडते आणि वरून पाणी उतरायला तयार होत नाही. कुणी पाइप कुंडीत खोचून ठेवतो, तो मातीनं बुजतो. कपाट सरकवताना पाइप मुडपला जातो. म्हणून स्टूल घेऊन खोलीतलं इनडोअर युनिट उघडण्याआधी बाहेरचं टोक बघ. हाताशी आहे का? तोंड मोकळं आहे का? एसी चालू असताना तिथून धार किंवा निदान ठिबक येते का? कितीतरी घरांत दुरुस्ती इथेच संपते. बादलीतलं टोक वर काढून काठाला बांधलं की झालं.

टोक मोकळं असून पाणी येत नसेल तर आतला गाळ काढायचा, आणि तो बाहेरच्या बाजूनं ओढून. पाणी ओढणारा व्हॅक्यूम क्लीनर तुमच्या सोसायटीत कुणाकडे तरी असेल. त्याची नळी पाइपाच्या तोंडाला लावायची, भोवती ओलं फडकं गच्च गुंडाळायचं आणि दोन-तीन मिनिटं चालवायचा. चिकट काळपट गाळ आला की समजायचं, वाट सुटली. साधा, कोरड्या धुळीचा व्हॅक्यूम मात्र यासाठी नाही, त्यात पाणी गेलं तर मोटर जळेल आणि तुला झटका बसेल. बाहेरून तोंड लावून किंवा सायकलच्या पंपानं हवा मारायची सवय पुष्कळांना असते. तसं केलं तर गाळ उलटा पन्हळीत जातो आणि चार दिवसांनी खाली उतरून पुन्हा तिथेच बसतो. हवा मारायचीच तर आतल्या बाजूनं बाहेर, आणि ते काम मेकॅनिकचं.

पाइप धुवायला कोमट पाण्यात थोडं पांढरं व्हिनेगर चालतं. उकळतं पाणी नको, प्लास्टिकचा पाइप आणि त्याचे सांधे मऊ पडतात. संडास धुवायचं ॲसिड तर अजिबात नको. ते ॲल्युमिनियमचे पत्रे आणि तांब्याची नळी खातं आणि मग खरंच गॅस जाईल. व्हिनेगर वापरलंस तर त्याच पाइपात ब्लीचिंगचं काही ओतू नकोस. दोन्ही एकत्र आले की विषारी वायू होतो, आणि तुझ्या घरात तान्हं मूल आहे. वाट खरंच सुटली का हे बघायला, वीज बंद असतानाच, नोकदार तोंडाच्या बाटलीतून कॉइलच्या डाव्या भागावर हळूहळू पेलाभर पाणी सोड आणि नवऱ्याला बाहेरच्या टोकाशी उभं कर. पेलाभर आत गेलं, साधारण तेवढंच बाहेर आलं, तर काम फत्ते. उजव्या बाजूला बहुतेक मशीनमध्ये सर्किट असतं, तिकडे शिंतोडाही उडता कामा नये. नेमकी बाजू एसीबरोबर आलेल्या पुस्तिकेत बघून घे.

फिल्टर तूच धुवायचे. त्यासाठी कुणाला बोलावायचं नाही. पुढचं झाकण दोन्ही हातांनी वर उचललं की दोन जाळ्या दिसतात, त्या अलगद खाली ओढून काढायच्या. नळाखाली धरायच्या त्या मागच्या बाजूनं, म्हणजे धूळ जाळीत आणखी रुतत नाही. साबणाचे दोन थेंब, मऊ ब्रश, आणि सावलीत पूर्ण वाळवायच्या. उन्हात ठेवल्या तर वाकतात, मग खाचेत बसत नाहीत. एप्रिल-मेमध्ये दर पंधरा दिवसांनी. हे मी तुला इतकं निक्षून सांगते कारण बर्फ जमायचं सर्वांत सामान्य कारण म्हणजे बुजलेला फिल्टर. कॉइलवरून पुरेशी हवा गेली नाही की कॉइल शून्याच्या खाली उतरते, जमलेले थेंब तिथेच गोठतात, बर्फामुळे हवा आणखी अडते आणि आणखी बर्फ होतो. खोली गार होत नाही म्हणून आपण रिमोट सोळावर नेतो. त्यानं खोली लवकर गार होत नाही गं. एसीला थांबायचं कळत नाही एवढंच होतं. एसी बंद केला की तो सगळा बर्फ एकदम सुटतो आणि पन्हळीला तेवढं पाणी एका वेळी झेपत नाही.

असा बर्फ दिसला तर सुरी, उलथनं काही घेऊन खरवडायला जाऊ नकोस. त्या नळ्या पातळ असतात. एक टोचा लागला की कॉइल गेली. एसी बंद ठेव, किंवा रिमोटवर नुसता पंखा लाव म्हणजे लवकर वितळेल. पाणी बटणांच्या बोर्डाकडे जात असेल तर मात्र बंदच. खाली टब ठेव आणि दोन-तीन तास दे. मग फिल्टर धुऊन, चोवीसवर लावून बघ. हे चोवीस मी माझ्या मनानं काढलेलं नाही. 1 जानेवारी 2020 पासून आपल्या देशात विकला जाणारा प्रत्येक स्टार लेबलचा घरगुती एसी सुरू झाला की आपोआप चोवीस अंशांवर यावा, असा नियमच आहे. पंखा हळू फिरवून चोवीस-पंचवीसवर आपल्या हवेत उत्तम झोप लागते, कारण ओल निघालेली असते. खिडकी आणि बाल्कनीचं दार तेवढं लावलेलं पाहिजे. दार उघडं ठेवून एसी चालवला तर तो खोलीची नाही, अख्ख्या खाडीची हवा कोरडी करत बसतो.

स्वच्छ फिल्टर, पंखा व्यवस्थित, तरीही बर्फ होतो? आता गॅसबद्दल बोलू. आता, आधी नाही. एसीतला गॅस पेट्रोलसारखा जळून संपत नाही. तो बंद नळ्यांमध्ये फिरत राहतो आणि यंत्र चालेल तितकी वर्षं तोच पुरायला हवा. दर उन्हाळ्यात "थोडा गॅस टाकू" म्हणणारा माणूस तुला सांगतोय की नळीला कुठेतरी भोक आहे आणि मी ते बुजवणार नाही. गॅस खरोखर कमी असला की गारवा हळूहळू महिनोन् महिने उतरत जातो, कॉइलच्या एकाच कोपऱ्यात बर्फ धरतो, बाकीची कोरडी राहते, आणि बाहेरच्या युनिटजवळच्या बारीक नळीवर पांढरं हिम दिसतं. असं दिसलं तर मेकॅनिकला तीन गोष्टी विचार. गळती कुठे आहे ती मला दाखवाल का? नायट्रोजन भरून दाब धरतोय का ते बघाल का? आणि व्हॅक्यूम करून, मशीनच्या लेबलवर लिहिलंय तेवढाच गॅस वजनकाट्यावर मोजून भराल का? जो नीट काम करणारा आहे त्याला या प्रश्नांचा राग येत नाही, उलट तो मन लावून काम करतो. हल्ली पुष्कळ एसींमध्ये आर-32 गॅस असतो. तो थोडाफार पेट घेणारा आहे, म्हणून काम चालू असताना खिडक्या उघड्या ठेव, देवघरातला दिवा विझव आणि बाळाला दुसऱ्या खोलीत ने.

बसवण्यातली खोट ही नव्या घरांची खास तक्रार. इनडोअर भिंतीवर सरळ हवा, किंवा पाइप ज्या बाजूला निघतो त्या बाजूला किंचित कललेला. उलट कलला तर पन्हळीच्या बंद कोपऱ्यात पाणी साठतं. मेकॅनिककडे पाणसळ असते. लावून दाखवायला सांग. नसेल तर गवंड्याची आण. पाइपालाही पन्हळीपासून बाहेरच्या टोकापर्यंत सलग ढाळ पाहिजे, मध्ये कुठे चढ नको, झोळ नको. झोळात पाणी साठून राहतं आणि गाळ तिथेच बसतो. नव्या इमारतींत बिल्डर भिंतीच्या आतूनच पाइप टाकून ठेवतात, दिसायला फार सुबक. पण प्लास्टर करताना त्यात सिमेंट गेलं, किंवा खिळा ठोकताना भोक पडलं, तर भिंतीच्या पोटात काय चाललंय ते वर्षभर कळत नाही आणि शेजारच्या खोलीत पोपडे निघायला लागतात. नवा एसी टांगण्याआधी त्या भिंतीतल्या पाइपात तांब्याभर पाणी ओतून ते बाहेर येतंय का ते बघायला लाव. पाच मिनिटांचं काम आहे. नाही आलं तर तो पाइप विसरायचा आणि बाहेरून नवा टाकायचा, कितीही कुरूप दिसला तरी.

पाइपावरचा काळा फोम फाटला असेल तरी पाणी दिसतं. तिथे गळती नसतेच, गार नळीला हवेतली ओल धरते. फॉल्स सीलिंगमध्ये असं झालं की पीओपीवर पिवळे डाग पडतात आणि लोक वरच्या मजल्याशी भांडायला जातात. आधी फोम बदल. निचऱ्याच्या पाइपातूनही गारच पाणी जातं, तेव्हा सीलिंगच्या आत त्यालाही फोम हवा.

पावसाळ्याचं वेगळं. आपल्याकडे जून-जुलैत पाऊस सरळ पडत नाही, वाऱ्यानं आडवा येतो, आणि नैऋत्येकडे तोंड असलेल्या भिंती सगळं अंगावर घेतात. एसीच्या नळ्या ज्या भोकातून बाहेर जातात ते भोक आतून बाहेर उतरतं असावं आणि बाहेरून नीट बुजवलेलं असावं. नुसता पुठ्ठा किंवा वर्तमानपत्र कोंबून वर पांढरं सिमेंट फासलेलं मी कितीतरी इमारतींत पाहिलंय. पहिल्या पावसात ते सुटतं. शिवाय नळ्या भोकात शिरण्याआधी बाहेर थोड्या खाली झुकवून मग वर न्यायच्या, म्हणजे नळीवरून धावत येणारं पावसाचं पाणी त्या वळणावर गळून पडतं, आत शिरत नाही. हे मे महिन्यातच करून घे. जून लागला की मेकॅनिक मिळतो, पण ओल्या भिंतीवर काही चिकटत नाही.

मेकॅनिक आला की त्याच्याजवळ थांब. आधी पैसे विचार, काय करणार ते विचार, मग खुर्ची दे. "जेट सर्व्हिस" म्हणजे दाबाच्या पाण्यानं कॉइल आणि आतला गोल ब्लोअर धुणं. वर्षातून एकदा, उन्हाळ्याच्या तोंडावर, हे करून घ्यावं. हवेबरोबर बारीक थेंब उडत असतील तर बहुधा ब्लोअरच घाणीनं भरलेला असतो. धुताना पन्हळ काढली असेल तर ती परत बसवलेली दाखवायला सांग. सर्व्हिसनंतर दुसऱ्या दिवशी गळायला लागण्याचं कारण पुष्कळदा एवढंच असतं की पन्हळ किंवा पाइपाचा सांधा नीट बसलेला नसतो. पन्हळ टिचली असेल तर एम-सीलनं चार दिवस निघतात, नवी मिळते ती टाकून घे. तो जाण्याआधी पेलाभर पाण्याची चाचणी तुझ्यासमोर झाली पाहिजे आणि पावती मिळाली पाहिजे. घरी एकटी असलीस तर समोरच्या मावशींना चहाला बोलाव. संकोच कसला त्यात?

एका गोष्टीत मात्र माझं ऐकच. बाहेरचं युनिट धुवायला किंवा पाइप बांधायला कुणालाही पट्ट्याशिवाय खिडकीबाहेर, छज्ज्यावर उतरू द्यायचं नाही. ना तुझ्या नवऱ्याला, ना त्या मेकॅनिकच्या पोराला. पोरं वीस-बावीस वर्षांची असतात, "होतं ताई, रोजचंच आहे" म्हणतात आणि एक पाय ग्रिलच्या बाहेर टाकतात. पावसानं शेवाळलेला छज्जा, गंजलेला ब्रॅकेट, सातवा मजला. त्याला सांग, पट्टा आणि दोर घेऊन ये, तोवर माझा एसी बंद राहिला तरी चालेल. त्यासाठी चार पैसे जास्त मागितले तर दे. गॅसच्या नावाखाली जाण्यापासून वाचवलेले पैसे इथे खर्च झाले तर मला आनंदच आहे.

गळती थांबली की लगेच भिंत रंगवायला काढू नकोस. आत ओल असेपर्यंत रंग फुगतो. पंखा लावून, हवा खेळती ठेवून भिंत पूर्ण वाळू दे, त्याला काही आठवडे लागतील. काळे ठिपके आले असतील तर ती बुरशी आहे. नाकाला फडकं बांधून ओल्या कपड्यानं पुसून काढ, कोरडं झाडू नकोस, ती उडते आणि बाळाच्या छातीत जाते. पाळणा त्या भिंतीपासून आत्ताच लांब ठेव.

आणि ते पाणी. पनवेलमध्ये राहून पाणी वाया घालवायचं माझ्या तर जिवावर येतं. गाढी नदीवरचं देहरंग धरण उन्हाळ्यात खाली जातं, जुन्या गावात नळाची वेळ आकसते, नव्या सोसायट्यांच्या दारात टँकर उभे राहतात. अशात आपलं यंत्र रात्रभरात अर्धी-पाऊण बादली पाणी हवेतून काढून देतंय. बादली ठेव, फक्त पाइपाचं टोक काठाच्या वर राहील असं. त्या पाण्यानं फरशी पूस, बाल्कनी धू, संडासात टाक, कुंड्यांनाही नळाच्या पाण्यात मिसळून घाल. प्यायला, स्वयंपाकाला किंवा बाळाच्या अंघोळीला नको; कॉइलवरची धूळ आणि बुरशी त्यात उतरलेली असते. इन्व्हर्टरच्या बॅटरीतही लोक ते घालतात, कारण त्यात क्षार नसतात. पण धातूचे कण आणि मळ असतो, त्यानं बॅटरी लवकर जाते. तिथे बाजारातलं शुद्ध पाणीच घाल. बादली रोज सकाळी रिकामी कर, डासांना जागा नको.

बादली ठेवायला जागाच नसेल तर पाइप खालपर्यंत न्यावा लागेल आणि सोसायटीच्या पावसाच्या पाइपाला किंवा जमिनीवरच्या गटाराला सोडावा लागेल. मोरीच्या पाइपाला थेट जोडू नकोस. मध्ये पाण्याचं वळण नसेल तर सगळा वास एसीतून तुझ्या बेडरूममध्ये येतो. आमच्या कमिटीत असताना मी सर्वांत जास्त भांडणं पार्किंगची आणि त्याखालोखाल एसीच्या पाण्याची मिटवली. खालच्या मजल्यावर कुणाच्या वाळवणावर, कुणाच्या तुळशीवर रात्रभर थेंब पडत राहतात, ती माणसं चार महिने गप्प बसतात आणि पाचव्या महिन्यात सभेत फुटतात. तेव्हा तुझं पाणी नेमकं कुठे पडतंय ते खाली उतरून एकदा बघून ये. पाइप कुणाच्या खिडकीवरून न्यावा लागणार असेल, तर आधी त्यांचं दार वाजव, दाखव, त्यांना कुठून चालेल ते विचार, आणि मगच क्लिपा ठोकायला सांग.